रिकाम्या फ्लॅशचा उजेड

आमच्या घरी रिसेप्शन करायचं हे खूळ माझं. बाबांच्या डोक्यात असली गोष्ट येणं शक्यच नव्हतं. त्यांच्या मते लग्न म्हणजे अक्षता, पंगत आणि पाठवणी. त्यात आणखी संध्याकाळी नवरा-नवरीला दोन सिंहासनासारख्या खुर्च्यांवर बसवून लोकांनी नुसतं बघत बसायचं, यात काय मतलब आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण मी नुकताच कॉलेजात जाऊ लागलो होतो, जळगाव जामोदच्या बाजारपेठेत दोन-तीन श्रीमंत घरची रिसेप्शनं पाहून आलो होतो, आणि आपल्या ताईचं लग्न नुसत्या पंगतीवर उरकलं तर मित्रांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं मला मनापासून वाटत होतं. मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे घरी जेवलो नाही. माय घाबरली, बाबा वैतागले, आणि रिसेप्शन ठरलं.

आमचं घर माळव्यावर, म्हणजे भाजीपाल्यावर चालायचं. विहिरीवर डिझेल इंजिन होतं, त्याचा ठक-ठक आवाज पहाटे सुरू झाला की आम्ही उठायचो आणि तो बंद पडला की दचकायचो. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात वाल. अंगणात कायम ओल्या पोत्यांचा आणि मेथीच्या मुळांना चिकटलेल्या मातीचा वास. माय सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, दाराशी बसून जुड्या बांधायची, आणि बांधताबांधताच स्वयंपाक, शेजारणींशी बोलणं आणि मला शिव्या ही तिन्ही कामं व्हायची. कुसुमताई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. ती बोलायची कमी आणि बघायची फार. एखादं वांगं हातात घेऊन ती आतल्या अळीचा पत्ता सांगायची. मी तेच वांगं कापून बघायचो, आणि अळी असायची. पुढे कळलं की माणसांच्या बाबतीतही तिचं असंच होतं. फक्त माणसांना ती कापून बघत नसे.

ताईला शेगावचं स्थळ मिळालं. भाऊजी एस.टी.त कंडक्टर. त्यांचे वडील ते लहान असतानाच गेले. मामांनी बहिणीला आणि भाच्याला आपल्या घरी आणलं, स्वतः लग्न केलं नाही, आणि महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी असलेल्या आपल्या छोट्याशा लॉजच्या मिळकतीवर भाच्याला वाढवलं. लग्न ठरवायला मामा आले तेव्हा त्यांनी एकही मागणी केली नाही. फक्त निघताना चपला घालता घालता बाबांना म्हणाले, "फोटोवाला तेवढा असू द्या. माहा अन् याचा मिळून एकही फोटो नाही. दर वेळी म्हणलं, जाऊ कधी स्टुडिओत. गेलोच नाही. आता लग्नातच काढू." एवढं साधं मागणं. बाबांनी मान डोलवली, आणि ते पुरं करण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली. शेतात त्यांनी मला कधी साधी पाण्याची पाळी सुद्धा एकट्याला दिली नव्हती. लग्नघाईत माणसाची बुद्धी कशी फिरते बघा.

गावात फोटोवाला म्हणजे दिगंबरभाऊ. तो स्वतःला कलाकार समजायचा आणि तसं बोलूनही दाखवायचा. रंगीत रोल नवीन होते, महाग होते, आणि धुवायला अकोल्याला जायचे. आमच्या ऐपतीत एक रोल बसत होता. एका रोलात छत्तीस फोटो, आणि रिसेप्शनला येणार अर्धं गाव. जो आहेर घेऊन वर चढेल त्याला नवरा-नवरीशेजारी उभं राहून फोटो हवाच. नाही म्हटलं तर तो माणूस पुढची दहा वर्षं आमच्या दारासमोरून मान फिरवून जाणार. मी हे दिगंबरभाऊपुढे मांडलं तर तो हसला. म्हणाला, "तू काऊन भिऊन राह्यला बे? हे पाय." त्याच्या फ्लॅशच्या पाठीवर एक बटण होतं. ते दाबलं की कॅमेरा चालायचाच नाही, नुसता लख्ख उजेड पडायचा. "माणूस उजेडावर खूश असते. फोटोची आठवण त्याले कुठी राह्यते? ज्याचा खरा काढाचा त्याची खूण कर. बाकी सगळ्याईले उजेड." त्या काळी हे सगळीकडेच चालायचं, असं मला नंतर कळलं. आमच्या भागातल्या कित्येक माणसांनी आयुष्यभर लग्नालग्नांत मान ताठ करून नुसता उजेड अंगावर घेतला आहे. मीही त्यातलाच असणार.

खूण काय करायची यावर मी फार विचार केला. टाळी वाजवणं गावंढळ, डोळा मारणं धोक्याचं. शेवटी मीच सुचवलं की मी केसांवरून हात फिरवला की खरा फोटो, नाही तर रिकामा. कोणाच्या लक्षातही येणार नाही. दिगंबरभाऊ म्हणाला, "वा." आता यात जी गोम होती ती माझ्या ओळखीच्या कुठल्याही शहाण्या माणसाला तेव्हाच दिसली असती. मी लग्नासाठी म्हणून मुद्दाम अकोल्याहून केस कापून आणले होते. कानांवरून मागे नेलेले, मध्ये उंच, आणि जागेवर बसावेत म्हणून वर तेल. वैशाखाचा उकाडा, तेल, घाम, आणि नवऱ्याकडच्या आलेल्या मुली. मी केसांवरून हात फिरवणार नाही तर काय करणार.

रिसेप्शनच्या दिवशी दुपारीच दिगंबरभाऊ येऊन बसला. रोल भरला, आणि तो नीट सरकतो का बघायला म्हणून सपरीत उभं राहून एक फोटो उडवला. तिथे माय दाराशी बसून संध्याकाळच्या भाजीची वांगी चिरत होती. तिनं मान वर केली, "काय करून राह्यला रे भाऊ?" म्हणाली आणि पुन्हा खाली बघायला लागली. कोणी त्या फोटोकडे लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी मांडवात ट्यूबलाइटी लागल्या, बँडवाल्यांनी क्लॅरनेट काढलं, आणि मी दिगंबरभाऊच्या बाजूला सेनापतीसारखा उभा राहिलो. वांग्याची भाजी, बुंदी आणि मठ्ठा यांचा वास मांडवभर फिरत होता. लोक वर चढत होते, उजेड पडत होते, खाली उतरत होते. मला वाटत होतं, किती सफाईनं चाललंय. चुलते आले, मी केसांवरून हात फिरवला. सरपंच आले, फिरवला. मग नवऱ्याकडच्या तीन बहिणी वर चढल्या, त्यातल्या मधलीनं माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं, आणि माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. ती परत मैत्रिणींना घेऊन आली. परत गेला. मग कुल्फीवाला आपला पोरगा घेऊन वर आला तेव्हा ती मधली समोरच्या रांगेत बसलेली होती. मग क्लॅरनेटवाला. मग एक गृहस्थ, ज्यांना आम्ही ओळखत नव्हतो आणि तेही आम्हाला ओळखत नव्हते. ते शेजारच्या गल्लीतल्या लग्नाला आलेले होते. दिगंबरभाऊ कलाकार असला तरी शब्दाला पक्का होता. माझा हात फिरला की तो खरा फोटो काढायचा.

मामा सगळ्यात शेवटी आले. दिवसभर ते आपल्याकडच्या माणसांच्या पंगतीत फिरत होते, त्यामुळे त्यांचा आधी एकही फोटो निघाला नव्हता. वैशाखातल्या त्या उकाड्यात त्यांनी बंद गळ्याचा नवा कोट घातला होता, वरचं बटणही लावलेलं. भाच्याशेजारी उभे राहिले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, छाती भरून घेतली. मी केसांवरून असा हात फिरवला की भांग मोडला. दिगंबरभाऊनं कॅमेऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ न हलवता म्हणाला, "संपला." मग त्यानं उजेड पाडला. मामा म्हणाले, "एक अजून घे गा." त्यानं अजून एक पाडला. मामा थोडा वेळ तसेच उभे राहिले. "अजून एक." तिसरा उजेड पडला. मग ते हळूच खाली उतरले आणि कोटाचं वरचं बटण काढलं.

आताच्या लग्नांत मी जातो तेव्हा डोक्यावरून भिरभिरणारं यंत्र जातं आणि नातू हातातल्या मोबाइलवर शेकड्यानं फोटो काढून जेवणाआधीच विसरून जातो. मी त्याला रागवत नाही. ज्याला एका रोलात अख्खं लग्न बसवता आलं नाही त्यानं कोणाला काय शिकवावं.

फोटो अकोल्याहून यायला पावसाळा उजाडला. तोवर भाऊजींची एस.टी. आमच्या फाट्यावर थांबली की ते खिडकीतून विचारायचे, "मामा इचारून राह्यले, फोटो आले काय?" आणि मी ठासून सांगायचो, "अकोल्यालेच हायेत." शेवटी ते आले, आणि राखीला ताई माहेरी आली त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी चटईवर बसून पाहिले. बाबा एकेक फोटो हातात घ्यायचे, आणि त्यांचा चेहरा लांबत जायचा. "हा कोण?" "कुल्फीवाला." "अन् हा?" "क्लॅरनेट." "अन् या पोट्ट्या?" माझा हात केसांकडे गेला. "या पाच वेळा काऊन हायेत?" मायनं पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं वाटून मी तिच्याकडे पाहिलं, तर ती हसत होती. बाबा हसले नाहीत. त्यांनी गठ्ठा पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. "मामांचा कुठी हाय?"

मी सगळं सांगितलं. बटण, खूण, केस. बाबांनी मला भैताड म्हटलं, आणि ते इतकं शांतपणे म्हटलं की मी पुढे कित्येक दिवस केसांना तेल लावलं नाही. मग मीच उपाय सुचवला. असं सांगू की रोलमध्ये ऊन शिरलं, शेवटचे फोटो जळाले. असं होतं, दिगंबरभाऊ सुद्धा साक्ष देईल. बाबांना पटत आलं होतं. ताई मघापासून एकच फोटो हातात धरून बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"मामाजीले खोटं नाही सांगाचं," ती म्हणाली. "त्या घरात गेली त्या दिवशी सगळे मले पाहून राह्यले होते. जेवली काय म्हणून त्याईनंच इचारलं. अन् उन्हाले काऊन दोष देतं बे बाळ्या? उन्हानंच तं एक फोटो चांगला आला."

तिच्या हातात मायचा फोटो होता. दिगंबरभाऊनं रोल सरकतो का बघायला उडवलेला. आम्ही तो बिनकामाचा म्हणून बाजूला टाकला होता. तिनं तो चटईवर ठेवला आणि शेजारी व्यासपीठावरचा एक ठेवला. व्यासपीठावरचे सगळे चेहरे सोललेल्या बटाट्यासारखे पांढरे, डोळे मिचकावलेले, मागे काळीकुट्ट सावली. आणि माय तिथे दाराच्या उजेडात बसलेली. हातात वांगं, गालावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती, आणि ती इतकी सुंदर दिसत होती की बाबांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. माय म्हणाली, "काहीतरीच." पण तिनं तो फोटो पुन्हा ओढून घेतला. मी रोज त्याच दारातून आत-बाहेर करत होतो. त्या दारातून येणाऱ्या उजेडाला काही किंमत असते हे मला कधी सुचलं नव्हतं. ताईनं ते दोन फोटो शेजारी ठेवले आणि तिला सुचलं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दिगंबरभाऊच्या दुकानात गेली. पाहुण्यासारखी बसली, पाणी प्याली, मग दोन्ही फोटो काउंटरवर ठेवले. दिगंबरभाऊ म्हणाला, "ताई, फ्लॅशशिवाय फोटो म्हणजे मिठाशिवाय वरण."

"माह्या मायचा तं आला."

"तो चुकून आला."

"मंग तसाच चुकून अजून एक काढा, दिगंबरभाऊ."

दिगंबरभाऊ बराच वेळ डोकं खाजवत बसला. नवा रोल मागणं तिच्या स्वभावात नव्हतं आणि देणं त्याच्या. पण ताईनं इथंही विचार करून ठेवला होता. ती म्हणाली, दर लग्नाच्या रोलाच्या शेवटी एखादा फोटो उरत असेल ना, तो तुम्ही कशावर घालवता? त्याला कबूल करावं लागलं की कधी मांजरावर, कधी दुकानासमोरच्या बकरीवर, रोल लवकर अकोल्याला पाठवायचा असतो म्हणून. "मंग बकरीऐवजी आमचे मामाजी," ताई म्हणाली. तुळशीचं लग्न झाल्यावर त्याचं शेगावला एका लग्नाचं काम होतं. रोलात एखादा उरला तर दुसऱ्या दिवशी सकाळी मामांकडे येतो, असं त्यानं कबूल केलं. येताना मी बाबांचं पांढरं धोतर घेऊन यावं, हेही ताईनंच ठरवलं; मायच्या फोटोत दारासमोर वाळत घातलेल्या धोतरावरून उजेड तिच्या तोंडावर आला होता, हे तिनं पाहिलं होतं. मी तो फोटो तोवर कितीदा पाहिला असेल. मला धोतर दिसलंच नव्हतं.

त्या सकाळी शेगावला पोचलो तेव्हा मामा लॉजच्या दारातल्या पायरीवर बसले होते, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, अंगात साधा सदरा. आत कोणीतरी गरम पाण्यासाठी ओरडत होतं. भाऊजी ड्यूटीवर जायच्या आधी चहा पीत आतल्या भिंतीला टेकून उभे होते. दिगंबरभाऊ यायला अवकाश होता. ताई बाहेर आली, मामांच्या समोर उभी राहिली, आणि काही प्रस्तावना न करता म्हणाली, "मामाजी, एक सांगाचं हाय. तुमचा फोटो नाही निघाला. रोल एकच घेतला होता आम्ही, अन् तो आधीच संपला. तुमच्या वेळी तिन्ही वेळा रिकामा उजेड पडला."

मी धोतराची घडी छातीशी धरून उभा होतो. वाटलं की आता ताईच्या संसारावर याची सावली पडणार. आतून पुन्हा गरम पाण्याची हाक आली. "चुलीवर हाय, घ्या," मामांनी तसंच बसून सांगितलं. मग ताईकडे पाहिलं.

"मले ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्याचा अंगठा हालला नाही. खरा फोटो काढला की रोल पुढं न्याले फोटोवाला अंगठ्यानं ते पातं सरकवते. माह्या वेळी नाही सरकवलं. म्हणून अजून एक घे म्हणलं. मंग अजून एक."

"मंग इतके दिवस फोटो आले काय म्हणून काऊन इचारत होते?" ताईचा आवाज पहिल्यांदाच जरा कापला.

मामा किल्ल्या बोटांत फिरवत राहिले. "मले वाटे, एखाद् वेळी माहीच नजर चुकली असंल."

भाऊजींनी कप खाली ठेवला. मी धोतराची घडी उगीच उलगडली आणि परत केली. तेवढ्यात दिगंबरभाऊ खांद्यावर पेटी लटकवून येताना दिसला, आणि लांबूनच त्यानं एक बोट वर केलं. एक उरला होता.

मामा उठायला लागले. कोट घालून येतो म्हणाले. ताईनं त्यांना बसवलं. भाऊजींना म्हणाली, तुम्ही मामांजवळ बसा. आता भाऊजी सत्तावीस वर्षांचे, रोज शंभर माणसांना तिकीट मागणारे, पण मामांच्या बरोबरीनं ते आयुष्यात कधी बसले नव्हते. ते अर्धे वाकले, परत सरळ झाले, आणि शेवटी मामांच्या खालच्या पायरीवर बसले, खाकी शर्टाची बटणं लावत. सकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर होतं. ताईनं मला धोतर पसरून उन्हात उभं केलं, उजवीकडे सरक, खाली धर, असं सांगत राहिली, आणि एका क्षणी तिचं बोलणं थांबलं, कारण दोघांच्या तोंडावर उजेड आला होता. दिगंबरभाऊ म्हणाला, "थांबा, आता नीट इकडे पाहा." पण भाऊजींच्या कॉलरीचा एक कोपरा आत गेला होता, आणि मामा खाली वाकून तो सरळ करायला लागले. त्याच क्षणी कॅमेरा वाजला.

"अरे, थांबा म्हणलं नाही तं काढला बी?" मामा म्हणाले. "आम्ही तयार नव्हतो."

दिगंबरभाऊनं आपला अंगठा सगळ्यांना दिसेल असा उचलला आणि पातं सरकवायचा प्रयत्न केला. ते अडलं, रोल संपला होता. "झालं," तो म्हणाला. तो कसा आला, हे कळायला आता अकोल्याची वाट बघायची होती. परत जाताना मी दिगंबरभाऊला बरंच बोललो, आणि त्यानंही मला माझ्या केसांवरून बरंच सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फोटो आला तो मीच शेगावला घेऊन गेलो. लिफाफा मी उघडला नव्हता. एवढी अक्कल मला तोवर आली होती. ताईनं तो तसाच मामांच्या हातात दिला. मामांनी चष्मा काढला, पुसला, लावला, आणि फोटो घेऊन दाराशी गेले. फोटोत भाऊजी समोर बघत होते, थोडे अवघडलेले. मामा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. कॉलरीवर हात, आणि मान भाच्याकडे झुकलेली.

मामा फार वेळ बघत राहिले. एक यात्रेकरू खोलीची किल्ली मागायला आला, त्याला त्यांनी न बघताच जुडगा काढून दिला. तो माणूस किल्ली शोधत तसाच उभा राहिला.

"मी याच्याकडं असा पाहातो काय?" मामा कोणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले. "मले ठाऊकच नव्हतं."

भाऊजी आत ड्यूटीचे बूट बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मले होतं," ते म्हणाले.